पूर्ववृत्त आणि त्याची मालकी : कल्पनारम्य भूमिका-खेळांतील पात्ररचनेचा विचार

कथेला किंवा नाटकाला प्रत्यक्ष आरंभ होण्यापूर्वी पात्राच्या आयुष्यात जे घडून गेलेले असते, त्याची व्यवस्था लावण्याचा प्रश्न प्रत्येक वाङ्मयपरंपरेला सोडवावा लागला आहे. संस्कृत नाटकाने त्यासाठी विष्कंभक आणि प्रवेशक योजले. इब्सेनने ‘घोस्ट्स’सारख्या नाटकात (१८८१) गतकाळाचे उद्घाटन हेच नाट्य मानले. या सर्व ठिकाणी एक गोष्ट गृहीत आहे : पात्राचा भूतकाळ ज्याने रचला, त्यालाच त्याचा भविष्यकाळही ठाऊक आहे. लेखकाने आरंभी पेरलेले शेवटी उगवणार, याची हमी लेखकाच्याच हाती असते. ही हमी काढून घेतली, तर पूर्ववृत्ताचे स्वरूप काय होईल? टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांत, म्हणजे ज्यांना इंग्रजी जगात ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात त्यांत, नेमके हेच घडते. म्हणून कथनमीमांसेच्या अभ्यासकाने या खेळांकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या खेळांचा परिचय नसलेल्या वाचकासाठी त्यांची रीत थोडक्यात सांगावयास हवी. चार-सहा माणसे एकत्र बसतात. त्यांतील एक संचालक असतो. तो जग, त्यातील गावे, शत्रू आणि प्रसंग उभे करतो. इतर प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित आहे तिचा निकाल फासे देतात. संहिता नसते. संचालकाजवळ टिपणे असतात, परंतु खेळाडू काय करतील हे त्यालाही ठाऊक नसते. खेळाडू आपल्या पात्राचे पूर्ववृत्त मात्र बहुधा आधी, घरी बसून, एकट्याने लिहून आणतो. लेखन एकट्याचे आणि पुढची कथा अनेकांची, या विसंगतीतच प्रस्तुत विषयाचे सारे मर्म आहे.

आरंभी ही अडचण नव्हतीच. अशा खेळांपैकी प्रकाशित झालेला पहिला खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. तो लहान सैनिकी बाहुल्या मांडून खेळावयाच्या युद्धखेळांतून निघाला होता. सेनापतीच्या जागी असलेला खेळाडू एकाच योद्ध्याच्या जागी आला, इतकाच प्रथमदर्शनी फरक. पात्र निर्माण करणे म्हणजे तीन फासे सहा वेळा टाकून बल, बुद्धी, प्राज्ञता, काटकपणा, चापल्य व प्रभाव या सहा गुणांचे आकडे ठरविणे. आईबाप, गाव, जुने वैर यांना तेथे जागा नव्हती, आणि नव्हती हे योग्यच होते. नवशिके पात्र एका घावात मरू शकत असे. जे पात्र तासाभरात मरण्याचा संभव आहे, त्याचे बालपण कोण लिहील? या खेळांच्या इतिहासात पूर्ववृत्ताची लांबी आणि पात्राची मर्त्यता यांचे प्रमाण व्यस्त राहिले आहे, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पुढील आवृत्त्यांत पात्र मरणे जसजसे कठीण होत गेले, तसतशी लिहिलेली पाने वाढत गेली.

१९७७ सालचा मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ अंतराळविषयक असला, तरी येथे त्याची दखल घेतली पाहिजे. कारण त्याने पूर्ववृत्तालाच खेळ बनविले. अठराव्या वर्षापासून पात्राची नोकरी चार-चार वर्षांच्या कालखंडांत फाशांनी ठरे. प्रत्येक कालखंडात जगण्यावाचण्याचा फासा टाकावा लागे, आणि तो चुकला तर पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मृत्यू पावे! या नियमाची पुष्कळ थट्टा झाली आहे. तथापि त्यात एक दृष्टी आहे. भूतकाळ ही खेळाडूच्या इच्छेने रचलेली वस्तू नसून त्याच्यावर येऊन आदळलेली वस्तू आहे, हे त्या नियमाने ओळखले होते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने मध्यम मार्ग काढला. खेळाडूने मठातील सेवक, ठक, सैनिक, खलाशी, रस्त्यावर वाढलेले पोर अशा तेरा पार्श्वभूमींपैकी एक निवडावी. मग स्वभावविशेष, आदर्श, बंध आणि दोष या चार गोष्टी सोबतच्या तक्त्यांतून निवडाव्या, फाशांनी काढाव्या किंवा स्वतः रचाव्या. २०२४ सालच्या सुधारित पुस्तकात पार्श्वभूमीला जोडलेले हे तक्ते वगळण्यात आले आणि पार्श्वभूमीचा संबंध मुख्यत्वे गुणांकांशी व कौशल्यांशी जोडण्यात आला. हा बदल मला फारसा रुचलेला नाही. ‘बंध’ आणि ‘दोष’ या दोन रकान्यांत नवख्या खेळाडूला आख्यानाचे जे शिक्षण मिळत होते, ते मोठमोठ्या मार्गदर्शक प्रकरणांतून मिळत नाही. बंध म्हणजे जे गमावण्याची भीती आहे ते. दोष म्हणजे ज्यामुळे ते गमावले जाईल ते. कथानकाला याहून अधिक भांडवल लागत नाही.

चांगले पूर्ववृत्त कोणते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, पात्र एक माजी सैनिक आहे. पहिल्या खेळाडूने बारा पाने लिहिली : सैनिक पुलावर पहाऱ्यास होता, खोट्या निरोपाने त्याला दूर नेण्यात आले, शत्रू आत शिरला, धाकटा भाऊ मेला, सैनिकाने निरोप धाडणाऱ्याला शोधून ठार केले आणि प्रायश्चित्त म्हणून शस्त्र टाकले. दुसऱ्याने सहाच वाक्ये लिहिली : मी एक घटकाभर पहारा सोडला. निरोप कोणी पाठवला, मला ठाऊक नाही. माझा भाऊ पुलावर होता. त्याचे प्रेत सापडले नाही. पुलाच्या दरवाजाची किल्ली अजून माझ्या गळ्यात आहे. मी तेथे होतो, हे आमच्या तुकडीतील एकच जण जाणतो.

पहिले लेखन कथा म्हणून अधिक पूर्ण आहे आणि पूर्ववृत्त म्हणून निरुपयोगी आहे. त्यात अपराध, शोध, सूड व पश्चात्ताप हे चारही टप्पे उरकले आहेत. टेबलाशी येतो तो कथा संपलेला माणूस. दुसऱ्या लेखनात मात्र संचालकाच्या हाती पाच दोरे येतात. भाऊ जिवंत असू शकतो. तो शत्रुपक्षातही असू शकतो. किल्लीचा दरवाजा कधीतरी समोर येईल. तो एक साक्षीदार नेमका नको त्या वेळी भेटेल.

येथे अज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ साली या खेळांवर लिहिलेल्या ग्रंथात माणूस, खेळाडू आणि पात्र या तीन पातळ्यांचा विचार केला आहे. त्या परिभाषेत बोलायचे, तर पात्राला ठाऊक नाही पण खेळाडूला ठाऊक आहे, असे रहस्य हा एक प्रकार. त्याचे परिणाम अभिनयापुरते असतात. पात्राला ठाऊक नाही आणि खेळाडूलाही ठाऊक नाही, हा दुसरा. निरोप धाडणारा कोण, हे खेळाडूने मुद्दामच ठरविलेले नाही. म्हणून ते उघड होईल तेव्हा खेळाडूही पात्राइतकाच हादरेल. कर्णाचा विचार या दृष्टीने करून पाहावा. कर्णाच्या खेळाडूने फक्त एवढेच लिहिले असते : सूताच्या घरी वाढलो, जन्मतः अंगावर कवचकुंडले होती. उरलेले पूर्ववृत्त कुंतीच्या आणि कृष्णाच्या हाती आहे, आणि ते त्याला सांगितले जाते युद्ध दाराशी आल्यावर.

नवखे खेळाडू आपले पात्र हटकून अनाथ करतात, ही संचालकांची जुनी तक्रार आहे. त्यामागे केवळ कल्पनेचे दारिद्र्य नाही. ज्याला बहीण आहे, त्याची बहीण पळवली जाणार, हे खेळाडू अनुभवाने शिकलेला असतो. अनाथपण ही साहित्यिक निवड नसून संरक्षणाची तटबंदी आहे. संचालकाने प्रत्येक आप्ताचा उपयोग केवळ ओलीस म्हणून केला, तर पुढच्या वेळी सर्वच पात्रे निराधार होऊन येतील, यात नवल नाही. बहिणीने कधीतरी नुसते जेवायलाही बोलवावे!

तेव्हा पूर्ववृत्ताची मालकी कोणाची? सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथूलू’ (१९८१) या भयखेळाच्या सातव्या आवृत्तीत याचे टोकाचे उत्तर आहे. तेथे पात्राच्या श्रद्धा, प्रिय व्यक्ती, जपलेल्या वस्तू यांची नोंद पत्रकावर असते. आणि पात्राला वेडाचा झटका आला, की संचालक त्या नोंदीत फेरफार करू शकतो. लिहून झालेला भूतकाळ दुसऱ्याच्या हातून बदलतो. आपल्याकडील दशावतारी नटाशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. तोही संहितेवाचून, उत्स्फूर्त संवाद बोलतो. पण त्याच्या पात्राचे पूर्ववृत्त पुराणात आहे, प्रेक्षकांनाही ते पाठ आहे, आणि म्हणून त्याला कोणी हात लावू शकत नाही.

‘फेट कोअर’ (२०१३) या खेळाची रीत याहून सौम्य, पण वाङ्मयदृष्ट्या अधिक धीट आहे. प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचे एक पूर्वीचे साहस थोडक्यात लिहितो. मग त्या साहसात दुसऱ्या खेळाडूचे पात्र कसे गुंतले, हे तो दुसरा खेळाडू भर घालून सांगतो, त्यानंतर तिसरा. माझ्या पात्राच्या आयुष्यातील एक निर्णायक क्षण अशा रीतीने शेजारी बसलेल्याच्या अक्षरात लिहिला जातो. तो मला नावडला, तर टेबलाशी बसूनच त्यावर बोलावे लागते. खेळ अजून सुरू झालेला नसतो, आणि तरीही पहिला प्रसंग घडून गेलेला असतो.