विधान सुटं करताना

"प्लॅस्टर रोज पडतंय, इमारत धोक्याची झालीय, पाडायलाच हवी." सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत हे वाक्य हमखास ऐकू येतं. वादाचा नकाशा, म्हणजे चौकटींत विधानं आणि रेषांनी त्यांचे संबंध दाखवणारी आकृती, मांडायचा तर ते एका चौकटीत मावत नाही. त्यात तीन विधानं आहेत. एका चौकटीत एकच विधान लिहायचं, तेही खरं की खोटं असं विचारता येईल असं. 'कारण' आणि 'म्हणून' यांची जागा चौकटी जोडणाऱ्या रेषांवर.

तिन्ही सुटी केली की न बोललेली दोन विधानं उघडी पडतात. प्लॅस्टर पडणं हे सांगाडा कमकुवत झाल्याचं लक्षण आहे, हे एक. दुरुस्तीने भागणार नाही, हे दुसरं. पहिल्याचा निकाल स्ट्रक्चरल ऑडिट लावेल, दुसऱ्यासाठी दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्चही हवा. सभा मात्र तासभर 'पाडा' आणि 'पाडू नका' यांतच अडकलेली असते.

विधानं अशी सुटी करणं नवं नाही. न्यायदर्शनात प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान) आणि हेतू (त्याचं कारण) ही वेगवेगळी वाक्यं असतात. अमेरिकेत जॉन हेन्री विग्मोर यांनी १९१३ मध्ये खटल्यातला पुरावा आकृतीत मांडायची पद्धत दिली, त्यातही आकृतीत आकडे आणि त्यांची विधानं वेगळ्या यादीत. माझ्या मते खरी मेहनत त्या यादीचीच.

प्रश्नाच्या रूपातली वाक्यं सर्वांत अवघड. "या वयात आम्हाला बाहेर काढून काय मिळणार यांना?" असं एका सभेत एक काका म्हणाले. त्याचं 'ज्येष्ठांचे हाल होतील' असं करता येतं, पण 'हाल' तपासायचे कसे? म्हणून त्यांनाच विचारलं.

"अहो, हिचे गुडघे गेलेत. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर मिळालं आणि लिफ्ट नसली, तर ही खाली उतरणार कशी?"

विधान झालं: 'भाड्याचं घर तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत नसेल, तर जिना न झेपणारे रहिवासी घरात अडकून पडतील.' आता त्याची जागाही बदलली. ते पुनर्विकासाच्या विरोधात राहिलं नाही, करारातल्या पर्यायी घराच्या अटीपाशी आलं. काकांना वाचून दाखवलं.

"बरोबर. पण आमचे डॉक्टर याच गल्लीत आहेत, ते कुठे आलं?"

त्याची वेगळी चौकट केली. बोलणारा "हो, हेच म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत विधान पक्कं धरू नये, याबाबत मी हट्टी आहे. त्याच्या रागाला धार लावायची नाही आणि तो बोथटही करायचा नाही.

करारनाम्याच्या मसुद्यात पर्यायी घराच्या कलमात फक्त दरमहा भाड्याची रक्कम होती. त्या कलमासमोर आता समितीसाठी प्रश्न लिहिला आहे: जिना न झेपणाऱ्यांना जवळपास घर शोधून देण्याची जबाबदारी कोणाची?