शहीद द्वीपावरील एक दिवस

नाशिककरांना अंदमान म्हटले की भगूरचे सावरकर आणि सेल्युलर जेल आठवतात. तेथून बोटीने जाण्याजोगे शहीद द्वीप (२०१८ पर्यंतचे नील बेट) हेही उभयतांनी सावकाश पाहावे असे स्थान आहे. गत जानेवारीत आम्हांस तो योग लाभला.

भरतपूरला उथळ, निळेहिरवे पाणी. लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान. तेथे ओहोटीतच जाता येते, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी. खडकांच्या खळग्यांत खेकडे, समुद्रकाकडी, प्रवाळ दिसतात. वाटाड्याने छायाचित्रासाठी एक समुद्रकाकडी उचलून सौ.पुढे धरली. तिने हात जोडून ती पाण्यात परत ठेवण्यास विनविले. त्याने ती ठेवली; पुढे कोठे पाऊल टाकावे, हे तोच जपून दाखवू लागला.

'जीवविचार' प्रकरणात प्रवाळ पृथ्वीकायात, तर शंख-कवडी द्वींद्रियांत गणली आहेत. विज्ञान प्रवाळास सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. गणना भिन्न असली तरी सजीवत्वाविषयी दुमत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हाही प्रवाळास अभय देतो. ईर्यासमितीचा अर्थ अशा ठिकाणी नव्याने उमगतो. आठवण म्हणूनही शंख-शिंपले आणू नयेत.

चौविहार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की जानेवारीत तेथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास, नाशिकपेक्षा सुमारे तासभर आधी मावळतो. भोजन चार वाजताच सांगून ठेवावे. बेटावर भाजीपाला पिकतो; कंदमुळाविना साधे, ताजे जेवण आम्हांस सहज मिळाले.

नियम सांभाळून प्रवास होत नाही, ही समजूत सोडावी. आनंद उणावत नाही. उलट दृष्टी सूक्ष्म होते.