अल्टरनेटरच्या पुलीचा हिशोब

देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. १९१३ साली ते जन्मले तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोडते. याच गावच्या एका कारागिराने जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून चारचाकी घडविली व जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यास नवी बोलेरो मिळाली. त्याची गाडी किक मारून सुरू होत असे. परंतु अशा घरगुती गाडीस स्टार्टर व मोठे दिवे हवे असतील, तर अल्टरनेटर बसवावा लागतो, आणि फसगत होते ती तेथेच.

जुन्या मोटारीचा अल्टरनेटर त्याच्या पुलीसह उचलून दुसऱ्या इंजिनास जोडू नये. इंजिनाच्या फेऱ्यांस त्याच्या पुलीच्या व्यासाने गुणून अल्टरनेटरच्या पुलीच्या व्यासाने भागावे. मिनिटास १५०० फेरे करणाऱ्या डिझेल इंजिनावर ६ इंची पुली व अल्टरनेटरवर अडीच इंची पुली असल्यास अल्टरनेटर ३६०० फेरे करील. हे ठीक आहे. मात्र हीच जोडी ६००० फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनावर चढविली, तर फेरे १४,४०० होतात. मग पट्टा घसरतो, बेअरिंग तापते, आणि दोष मात्र बिचाऱ्या बॅटरीस दिला जातो! अल्टरनेटरवर ४ इंची पुली घेतल्यास फेरे ९००० वर येतात. इंजिन मंद चालताना, म्हणजे १००० फेऱ्यांवर, ते १५०० एवढेच राहतात. म्हणून दिवे लावून गाडी फार वेळ उभी ठेवू नये.

पुलीचे भोक कानसीने वाढवू नये. ते जराही वाकडे झाले की पुली डुलते. भोक लहान असल्यास लेथवर वाढवून घ्यावे, मोठे असल्यास लेथवर बुश करून बसवावा. व्ही पट्टा घळीच्या दोन्ही बाजूंवर टेकावयास हवा, तळावर नव्हे. घळीचा तळ चकाकू लागला, तर पट्टा खाली बसला आहे असे समजावे. लहान पुलीच्या घळीचा कोन सुमारे ३४ अंश व मोठीचा ३८ अंश असतो, हे लेथवाल्यास आधीच सांगावे. दोन्ही पुली एका रेषेत आहेत किंवा कसे, हे दोरी ताणून पाहावे. फरक आढळल्यास पुलीमागे वॉशर घालून तो काढावा. अल्टरनेटर ठोकून वाकविण्याचा मोह टाळावा.

अशी गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तरुण कारागिरांस काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे. पैसे व श्रम खर्ची पडल्यावर ते ऐकणे फार जड जाते.

नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल पडतो. इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर, तो पुन्हा ताणून घ्यावा.