दोन स्वेटर घालून दुकानात

ऑक्टोबर हीट ऐन भरात होती. साताऱ्याहून एसटीने पुण्याला गेले, ट्रेकिंगचं सामान मिळतं अशा एका मोठ्या दुकानात शिरले आणि पिशवीतून दोन स्वेटर काढून एकावर एक चढवले. त्यावर दुकानातलं सिंथेटिक भरणीचं जॅकेट. दोन्ही हात डोक्यावर नेले, खाली बसून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, शेजारच्या फळीवरची एक सॅक पाठीला लावली आणि तशीच येरझाऱ्या घालत राहिले. घाम निथळत होता. तिथला मुलगा बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "काकू, एसी वाढवू का?"

त्याचंही बरोबरच होतं. पण हिमालयातल्या थंडीत हे जॅकेट नुसत्या टी-शर्टवर कुणी घालत नाही. आत थर्मल, त्यावर फ्लीस, कधी त्यावर वारा अडवणारं पातळ जर्किन, आणि या सगळ्यावर हे. दुकानात चापूनचोपून बसलेलं जॅकेट तिथे आतल्या कपड्यांनी ताणलं जातं. ताणलं की त्याची जाडी चेपते आणि जाडी चेपली की ऊब गेली. म्हणून मी माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठं घेते. हात वर केल्यावर कंबर उघडी पडत नाही ना, वाकल्यावर पाठ कसत नाही ना, एवढं आरशात बघते. रंग सगळ्यात शेवटी.

हे शहाणपण उपजत नाही. एकतीस वर्षं मी आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. वहन, अभिसरण आणि प्रारण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. तरीही बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा उत्तराखंडातल्या केदारकंठ शिखराच्या ट्रेकला गेले तेव्हा पुतण्याने अमेरिकेहून आणलेलं पिसांचं जॅकेट अंगात घालून सांकरी या पायथ्याच्या गावाहून चालायला लागले. डेहराडूनपासून सांकरीपर्यंत जवळजवळ २०० किलोमीटरचा घाटरस्ता पोटात ढवळून गेला होता, सकाळी गारठा होता, आणि एवढं भारी जॅकेट सॅकमध्ये कोंबायचं जिवावर आलं. देवदाराच्या झाडीतून चढ लागला. तासाभरात आतून भिजले. दुपारी भुरभुर बर्फ पडायला लागलं, ते खांद्यांवर विरघळून आत झिरपलं. जुडा का तालाबला तंबूपाशी पोहोचले तोवर पिसांचे गोळे होऊन शिवणीपाशी जमले होते आणि मधले कप्पे नुसते कापडाचे राहिले होते. भिजलेल्या कोंबडीसारखी अवस्था, जॅकेटची आणि माझीही.

त्या रात्री सांकरीच्या आमच्या गाइडने स्वतःचं जुनं, बाहीवर चिकटपट्टी मारलेलं सिंथेटिक जॅकेट मला दिलं आणि वर एक वाक्य ऐकवलं: "मैडमजी, ये चलने का नहीं होता, रुकने का होता है." विज्ञानाच्या शिक्षिकेला त्याने एका वाक्यात नापास केलं.

जॅकेट उष्णता तयार करत नाही. ती आपणच करतो, आणि चढ चढताना तर बसलेल्या माणसाच्या पाच-सहा पट सहज करतो. जॅकेट फक्त ती धरून ठेवतं, तेही कापडाच्या किंवा तंतूंच्या जोरावर नव्हे, तर आत अडकलेल्या स्तब्ध हवेच्या जोरावर. लहानपणी दिवाळीनंतर आमच्या आळीत पिंजारी यायचा. धनुकलीच्या तारेचा आवाज आला की आई चेपलेल्या गाद्या उसवून बसायची. तो कापूस पिंजायचा, ढीग चौपट फुगायचा आणि त्याच कापसाची गादी पुन्हा उबदार व्हायची. कापूस तेवढाच होता, वाढली ती त्यात कोंडलेली हवा. पिसं नेमकं हेच काम करतात, आणि फार छान करतात. बदकाच्या किंवा हंसाच्या पोटाखालचं मऊ पीस वजनाच्या मानाने जेवढी हवा धरतं तेवढी अजून कुठलाच कृत्रिम तंतू धरत नाही. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच बलूनच्या कापडात पिसं भरून शिवलेला कोट घालून गेला. आधी सोबत्यांनी त्याची थट्टा केली आणि वर पोहोचल्यावर त्याचा हेवा.

पण ओल लागली की पीस मान टाकतं. तंतू एकमेकांना चिकटतात, हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी स्तब्ध हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता पळवतं. इथे पॉलिस्टर कामाला येतं. पॉलिस्टर म्हटलं की मला बाबांचा टेरिकॉटचा शर्ट आठवतो. न चुरगळणारा, इस्त्री न मागणारा, आणि मे महिन्यात पाठीला चिकटून जीव नकोसा करणारा. चिकटायचा कारण पॉलिस्टर घाम पीतच नाही. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. साताऱ्याच्या उन्हाळ्यात बाबांनी ज्याला शिव्या घातल्या, तोच गुण बर्फात माझ्या कामी येतो. ओल्या सिंथेटिक जॅकेटचे तंतू पाणी शोषून मऊ पडत नाहीत. ते ताठ राहतात, थोडीफार हवा धरून ठेवतात आणि झटकलं, पिळलं, अंगावर घातलं की बऱ्यापैकी लवकर वाळतात. ओलं सिंथेटिक कोरड्याइतकं उबदार असतं असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ते फक्त ओल्या पिसांपेक्षा पुष्कळ बरं असतं.

या तंतूचं मूळ १९४१ सालचं. मँचेस्टरच्या एका कापड-छपाई कंपनीत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी टेरिलीन बनवलं. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराला भिजूनही चालेल असा पिसांना पर्याय हवा होता, त्यातून अल्बनी इंटरनॅशनल या कंपनीने केसाहून बारीक पॉलिस्टर तंतूंचं 'प्रायमालॉफ्ट' काढलं. आज बऱ्याच जॅकेटांच्या आतल्या चिठ्ठीवर हे किंवा थ्रीएमचं 'थिन्सुलेट' अशी नावं दिसतात. नाव नसेल तर नुसतं '१००% पॉलिस्टर' लिहिलेलं असतं, आणि ते अस्तराला, वरच्या कापडाला आणि भरणीला सारखंच लागू पडतं, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून मी जॅकेट उलटं करून चिठ्ठीवर एक आकडा शोधते: एका चौरस मीटर भरणीचं वजन किती ग्रॅम. ४०, ६०, ८०, १००, १३३ असे आकडे असतात. हे अख्ख्या जॅकेटचं वजन नव्हे, गल्लत होते ती इथेच. ४० ते ६०चं जॅकेट चालता-चालता, वाऱ्यात अंगावर ठेवायचं. सूर्य बुडाल्यावर तंबूबाहेर उभं राहून गरम सूपची वाट बघायची असेल तर १०० किंवा त्याहून जास्त. पुष्कळदा छाती-पाठीला १०० आणि बाह्यांना ६० असा भेद असतो. ही लबाडी नाही, बाह्या हलक्या असलेल्या बऱ्या.

'उणे १० अंशांपर्यंत चालेल' असलं काही लिहिलेलं असेल तर ते मी वाचते आणि सोडून देते. बसलेल्या माणसाला चालेल की चढणाऱ्याला? आत काय घातलेल्याला? वाऱ्यात की आडोशाला? उबेचं मोजमाप शास्त्रज्ञांनी केलेलं आहे. योगायोग असा की तेही १९४१चंच. गॅग, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी 'क्लो' नावाचं एकक सुचवलं: २१ अंशांच्या खोलीत, जवळजवळ वारा नसताना, निवांत बसलेला माणूस जेवढ्या कपड्यांत सुखात राहील तेवढी ऊब म्हणजे एक क्लो. ढोबळमानाने कोट, जाकीट, पँट असा पूर्ण सूट. व्याख्येतच माणूस बसलेला आहे हे बघा. गाइडने क्लो हा शब्द ऐकला असेल-नसेल, पण सांगत तो हेच होता.

आता केदारकंठाचा हिशेब. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. सांकरी १,९५० मीटरच्या आसपास, माथा ३,८१०. म्हणजे सांकरीत शून्य असेल तर माथ्यावर उणे बारा, आणि माथा गाठायला निघायचं मध्यरात्र उलटल्यावर, वारा वेगळाच. तरी चढताना मला जॅकेट लागत नाही. लागतं ते दम खायला थांबले की, आणि माथ्यावर स्वर्गारोहिणीचं शिखर उजळायची वाट बघत बसले की. थांबल्यावर दोन मिनिटांत घातलं पाहिजे, घाम गार होण्याआधी. त्यामुळे ते सॅकमध्ये सगळ्यात वर असतं आणि ओल्या जर्किनच्याही वरूनच चढवते. पिसांच्या जॅकेटशी असा धसमुसळेपणा करवत नाही. सिंथेटिकशी करता येतो, आणि माझ्यासारख्या घामट, घाईगडबडीच्या बाईला हे महत्त्वाचं वाटतं.

भरणीचे तंतूही दोन जातींचे. एक आखूड, कापसासारखे. जॅकेट मऊ होतं, अंगावर छान पडतं, लहान घडी होते, पण लवकर बसतं. दुसरे लांबच लांब अखंड तंतू, एकमेकांत गुंतलेले. जॅकेट जरा फुगीर आणि राठ, पण दाबून सोडलं की वर्षानुवर्षं लगेच फुगणारं. दुकानात ओळखायचं कसं? चिठ्ठीवर नसेल तर खात्रीने नाही ओळखता येत. मी मुठीत घट्ट दाबून धरते, मनात वीस मोजते आणि सोडते. लगेच उसळून आलं तर ठीक. रव्याच्या लाडवासारखा मुठीचा ठसा राहिला तर खाली ठेवते. सांकरीत भाड्याने जॅकेटं मिळतात, तिथेही हीच परीक्षा. शेकडो वेळा पिशवीत कोंबलेलं भाड्याचं जॅकेट दिसायला जाडजूड असतं, दाबलं की आत काही नसतं.

आणि शिवणी मोजाव्यात. पिसं एका जागी साचू नयेत म्हणून त्या जॅकेटला आडव्या वळकट्यांचे कप्पे लागतात. सिंथेटिक भरण बहुधा चादरीसारखी सलग येते, तिला एवढ्या शिवणी नकोत. तरी पिसांच्या जॅकेटसारखं दिसावं म्हणून कंपन्या तिलाही वळकट्या पाडतात. आरपार गेलेली प्रत्येक शिवण म्हणजे भरण चेपून शून्यावर आलेली एक रेघ आणि सुईच्या भोकांची रांग, वाऱ्याला आमंत्रणच. साधं, कमी शिवणींचं, दिसायला जरा बावळट जॅकेट मला जास्त आवडतं. टोपी हवीच, जाड हातमोज्यांनी ओढता येईल अशी चेन हवी, खिसे सॅकच्या कमरपट्ट्याच्या वर हवेत. बाकीचं विकणाऱ्याचं पाल्हाळ.

सासूबाई माळकरी होत्या. पुतण्याचं ते जॅकेट वाळत घातलेलं बघून त्यांनी विचारलं होतं, "यात कोंबडीची पिसं आहेत का गं?" बदकाची, म्हटल्यावर त्यांनी ते दोरीवरून काठीने सरकवून तुळशीपासून लांब केलं. घरात असा प्रश्न असेल तर निवड आधीच झालेली असते. पण नसेल, आणि कोरड्या, कडक थंडीत जायचं असेल, जानेवारीत लडाखला वगैरे, तर मी स्वतः पिसांचंच घेईन. उणे वीसमध्ये पाऊस पडत नाही. तेवढ्याच उबेचं सिंथेटिक उचलायचं तर सॅक भरून जाते. उलट कळसूबाईला किंवा हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात मुक्काम करणारे शंभर ग्रॅम भरणीचं जॅकेट घेऊन येतात तेव्हा मला हसू येतं. तिथे फ्लीस आणि जर्किन पुरतं, फार तर साठवालं, पहाटेच्या दहिवरासाठी.

सिंथेटिकचं खरं दुखणं म्हणजे त्याचं वय. पिसांचं जॅकेट नीट धुतलं, नीट वाळवलं तर पुन्हा फुगतं, वर्षानुवर्षं. पॉलिस्टरचे तंतू दाबून-दाबून एकदा मोडले की मोडले, आणि त्यांना पिंजणारा पिंजारी अजून जन्माला यायचाय. म्हणून ते घरी पिशवीत कोंबून ठेवायचं नाही. माझं साड्यांच्या कपाटात हँगरला लटकतं, पैठणीच्या शेजारी. धुवायचं सौम्य साबणाने, कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य न घालता, आणि वाळवायचं सावलीत. शेकोटीपासून लांब बसायचं. एक ठिणगी पडली की वितळून वाटाण्याएवढं भोक. माझ्याही डाव्या बाहीवर आता चिकटपट्टी आहे.

सहा हिवाळे काढल्यावर जुन्या जॅकेटचे खांदे सॅकच्या पट्ट्यांखाली पापडासारखे झाले, म्हणून यंदा नवीन घ्यायला गेले होते. १३३चं निळं घेतलं, एक नंबर मोठं. बिल करताना त्या मुलाने विचारलं, "काकांसाठी ना?" मी नुसतं हसून स्वेटर पिशवीत भरले. जुनं टाकलेलं नाही. थंडीत पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाताना ते बरोबर असतं. किल्ला चढेपर्यंत कमरेला, आणि मंगळाईच्या देवळाच्या बाजूला वाऱ्यात कठड्यावर टेकले की अंगात.