परमुलुखातील मजुराचा हक्क

मजूर परमुलुखी जातो तो श्रम विकावयास, स्वातंत्र्य नव्हे. परंतु आखाती देशांतील ‘कफाला’ पद्धतीने त्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या हाती बांधला. कतारमध्ये मालकाच्या संमतीवाचून नोकरीही बदलता येत नसे. २०२० साली तेथील कायद्याने ही अट काढली. मार्च २०२१ पासून किमान मासिक वेतन १००० रियाल झाले. मालकाने निवास व अन्न न दिल्यास त्यांसाठी अनुक्रमे ५०० व ३०० रियाल अधिक द्यावयाचे. मजुराचा पासपोर्ट अडकवून ठेवण्यासही तेथे मनाई आहे. मात्र ज्यास आपला हक्कच ठाऊक नाही, त्याच्यापुरता कायदा कागदावरच राहतो. म्हणून आमची वाचकांस विनंती, की घरचे कोणी आखातात निघाले, तर करारपत्र नीट समजून घ्यावे आणि त्याची एक प्रत घरी जपून ठेवावी.