ताई, हा पाइप कंपनीचा नाही!

जुनी गाडी हाती लागली की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, जशी होती तशीच ठेवा. दुसरी म्हणते, मस्त मॉडिफाय करा. आमच्या घरात तिसरीही पार्टी होती. भंगारवाल्याला फोन लावा म्हणणारी!

सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार हे नक्की झालं आणि बिल्डरच्या आधी सेक्रेटरींची नोटीस लागली. महिन्याभरात पार्किंग रिकामं करा, बेवारस गाड्या उचलल्या जातील. खाली चक्क यादी. तीन सायकली, टायर नसलेली एक मारुती आणि जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली आमची चेतक.

बेवारस? आमची चेतक?

बजाज चेतक, साल १९८७. एमएच-१२ जन्माला यायच्या आधीचा, 'एम'पासून सुरू होणारा तीन अक्षरी नंबर. आजोबांनी बुकिंग केलं १९८० मध्ये आणि किल्ली हातात पडली सात वर्षांनी. आजोबा म्हणायचे, बुकिंग केलं तेव्हा मुलगा कॉलेजात होता, डिलिव्हरी घेतली तेव्हा त्याच्यासाठी मुली बघत होतो! दहा मिनिटांत दूध-ब्रेड मागवणाऱ्या आपल्या पिढीला हे खरं वाटत नाही, पण तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन वर्षांपूर्वी चेतकवर ताडपत्री पडली. आता एका महिन्यात निर्णय घ्यायचा होता. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "किलोवर घेतात. देऊन टाका."

मग काय, रविवारच्या पोह्यांवर आमची गोलमेज परिषद भरली.

दादाचं म्हणणं

दादा हिंजवडीत. हातात लॅपटॉप, लॅपटॉपवर फोटो. चेतकच, पण मागून कापलेली, खाली बसवलेली, मॅट ब्लॅक, एकच सीट, गोल एलईडी. "आणि आत इलेक्ट्रिक मोटर. झिरो धूर!"

हसू नका, त्याचे मुद्दे वजनदार होते. चेतकचं इंजिन १४५ सीसीचं, टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्ये लिटरला साधारण २० मिलि ऑइल मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळणार आणि मागच्याच्या नाकात जाणार. त्यात टू-स्ट्रोकच्या रचनेमुळे थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. दहा इंची चाकं, पुढे-मागे ड्रम ब्रेक आणि हेडलाइट असा, की रात्री तो चालू आहे की नाही हे बघायला खाली उतरावं लागतं. "तुला म्युझियम काढायचंय की ऑफिसला जायचंय?" दादाने विचारलं.

शिवाय म्हणाला, खुद्द कंपनीनेच २०१९ मध्ये इलेक्ट्रिक चेतक दाखवली आणि २०२० मध्ये पुण्यात आणि बंगळुरूत विकायला काढली. कंपनीला चालतं, मग तुला का चालत नाही?

माझं म्हणणं

मी ओरिजिनलवाली. कट्टर! माझ्या डोक्यात चित्र पक्कं होतं. १९८७ मध्ये शोरूममधून निघाली असेल तशी, मूळ फिक्या निळ्या रंगातली, प्रत्येक स्क्रू कंपनीचा.

कारण कापलेली गाडी परत जोडता येत नाही हो. बुलेटचं काय झालं बघा ना. मध्यंतरी लोकांनी जुन्या बुलेट कापून-ताणून चॉपर केल्या. हौस फिटली, मग तेच लोक मूळ टाकी, मूळ मडगार्ड शोधत जुन्या बाजारात फिरायला लागले. चेतकचा तर सांगाडाच वेगळा. मोटारसायकलसारखी फ्रेम नाही, पत्र्याचं अंग हीच तिची हाडं. तिथं ग्राइंडर लावला की संपलं.

आणि इतिहास आहे ना त्यामागे! १९४६ मध्ये इटलीत कोराडिनो द'आस्कानिओ नावाच्या विमानांच्या इंजिनीअरने व्हेस्पा काढली. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं ना, ते विमानाच्या चाकासारखं, पटकन काढता यावं म्हणून. पुढे बजाजने परवाना घेऊन व्हेस्पा इथे बनवली, १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ पासून चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, अंगकाठी इटालियन, पत्ता आकुर्डी. २००६ च्या सुमारास बंद होईपर्यंत अर्ध्या महाराष्ट्राची लग्नं, बारशी आणि गॅस सिलिंडर हिने वाहिले.

"झालं भाषण?" दादा म्हणाला. "व्हेस्पाची बजाजने चेतक केली, हे मॉडिफिकेशनच नाही का?"

पोह्याचा घास घशात अडकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

कायद्याचं म्हणणं

भांडण मिटेना म्हणून मी वाचायला बसले. पत्रकार असल्याचा हा एक फायदा, घरच्या भांडणालाही रिसर्च म्हणता येतं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर लिहिलेला आणि कंपनीने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावलं. रंग बदलणं, छोट्या-मोठ्या ॲक्सेसरीज लावणं वेगळं, गाडीची मूळ रचनाच बदलणं वेगळं. २०१९ च्या सुधारित कायद्यात तर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दादाच्या फोटोतले बदल मी मोजायला लागले, तेव्हा त्याने लॅपटॉप बंद केला. इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण ते त्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं हवं आणि आरटीओत आरसीवर तशी नोंद हवी.

मी जिंकले? छे! माझाही फुगा फुटला. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. आमची तिथं पोचणार २०३७ मध्ये. आणि पोचली तरी रोज चालवायची नाही! रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे माझ्या स्वप्नातली चेतक ऑफिसला जाणारच नव्हती.

या सगळ्यात आरसी शोधायला मी बाबांची फाइल उघडली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. २००२, २००७, २०१२, २०१७, २०२२. पाचही वेळच्या पावत्या, पिनअप करून, ओळीने. "किलोवर देऊन टाका" म्हणणाऱ्या माणसाने एकही तारीख चुकवली नव्हती.

मी फाइल परत कपाटात ठेवली. काही बोलले नाही.

मिस्त्रींचं म्हणणं

टेम्पोत घालून चेतक नाना पेठेत नेली. टू-व्हीलरचे पार्ट हवे असले की पुणेकर दुसरीकडे कुठे जाणार? मिस्त्री साठीचे. गाडीभोवती एक चक्कर मारली, किक दाबून पाहिली, प्लग काढून नाकाशी धरला. "जाम नाही. बोअर करावं लागेल, पिस्टन नवा. गिअरच्या केबल गेल्या. मरत नाही हो ही."

मी माझी यादी वाचायला घेतली. रंग मूळ हवा. सीट मूळ हवी. आणि पुढच्या पत्र्याला आतून हा जो आडवा पाइप आहे ना, त्याचं क्रोम पुन्हा चढवायचं, अगदी कंपनीसारखं.

मिस्त्री हसले. खाली बसून त्यांनी पाइपाच्या टोकाला बोट लावलं. वेल्डिंगचे ओबडधोबड फुगे होते तिथे.

"ताई, हा पाइप कंपनीचा नाही. हा कोणीतरी बसवून घेतलाय. ओरिजिनल करायची असेल तर पहिला हाच कापायला लागेल."

वितीएवढा पाइप. जन्मापासून बघतेय मी तो. मला वाटायचं, सगळ्या चेतकना असतो.

बाबांचं म्हणणं

संध्याकाळी बाबांना विचारलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग हसायलाच लागले.

"तू तीन वर्षांची होतीस. पुढे उभी राहायचीस. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलो होतो आणि तू ॲक्सिलरेटर पिळलास! क्लच सुटला असता तर थेट बसखाली. रात्रभर झोप नाही आली मला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि तुला धरायला तो पाइप मारून घेतला."

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. मरून रंग आईच्या आवडीचा. स्टेपनीवरचं कव्हर आत्याने शिवलेलं. जादा हुक भाजीच्या पिशवीसाठी. "कंपनीने दिली तशी ती आमच्याकडे सहा महिनेसुद्धा नव्हती," बाबा म्हणाले. "चालवायची म्हटली की बदलतेच."

मग मी नेमकं काय जपायला निघाले होते? १९८७ मधली ती एक सकाळ, जेव्हा माझा जन्मही झाला नव्हता? आणि त्यासाठी पुढची सगळी वर्षं खरवडून काढणार होते?

मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या आठवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा सगळे हळहळले. पण आपल्या डोळ्यांसमोर कोणती पद्मिनी येते? टपावर कॅरिअर, बाहेर मीटर, आत फुलाफुलांचं छत. ती पुसून 'मूळ' केली, तर एक चकचकीत मोटार उरेल, टॅक्सी उरणार नाही.

मग कापाकापी चालते? तसंही नाही. उत्तर मला सापडलं ते जुन्या गाड्यांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कागदात. २०१२ मध्ये त्यांनी 'ट्युरिन चार्टर' मंजूर केला. त्यातलं एक तत्त्व मला फार आवडलं. नवा बदल करायचाच असेल तर तो शक्यतो परत फिरवता येण्यासारखा असावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ पार्ट गाडीसोबतच जपून ठेवावेत.

परत फिरवता येतो का? एवढा एकच प्रश्न. या एका प्रश्नाने दादाचा ग्राइंडरही थांबला आणि माझा पॉलिश पेपरही. कारण घासून काढलेला मरून रंग तरी कुठे परत येणार होता?

शेवटी ठरलं ते असं. इंजिन, केबल, ब्रेक, टायर नवे, त्यात तडजोड नाही. पत्र्याला फक्त गंज लागला तिथे उपचार, वर लांबी भरून नवी नवरी करायची नाही. जुन्या पॉइंटच्या जागी दादाच्या आग्रहाने इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पण मूळ सेट बिस्किटाच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून. पाइप आहे तिथेच. वेल्डिंगच्या फुग्यांसकट.

तुमच्याही जिन्याखाली एखादी असेल तर...

१. आधी फाइल उघडा. आरसी आणि फेरनोंदणीची तारीख बघा. रंगाचं नंतर बघू.
२. हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. खरवडलेलं परत दिसत नाही.
३. इंजिन बदलणं, चेसिस कापणं, इलेक्ट्रिक करणं असं काही मनात असेल तर गॅरेजच्या आधी आरटीओत चौकशी करा.
४. ब्रेक, टायर, लाइट यांत 'ओरिजिनल'चा हट्ट नको. ३५ वर्षांचं रबर ही ॲन्टिक वस्तू नव्हे, धोका आहे.
५. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट मिस्त्रींकडून मागून घ्या आणि डब्यात ठेवा.
६. आणि हो, गाडी ज्यांनी चालवली त्यांना विचारा, यातलं काय काय तुम्ही बसवलंत?

मुदत संपायला चार दिवस असताना चेतक घरी आली. बाबा काठी घेऊन खाली उतरले. "चोक दे. थोडी तिरकी कर. आता मार." चौथ्या किकला ती सुरू झाली, अख्खा जिना धुराने भरला आणि वरून कोणीतरी खिडकी लावली. दादा धूर बघून माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघत होते.

रात्री नोटीस बोर्डापाशी गेले. यादीत चेतकच्या नंबरापुढच्या 'बेवारस' शब्दावर निळ्या पेनने काट मारली होती. शेजारी बाबांच्या अक्षरात एकच शब्द होता.

'चालू.'