मंगळाची स्वारी, सुरांतून

कादंबरी वाचताना डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. तीच कादंबरी नुसती कानांनी अनुभवायची ठरवली तर? संगीतकार जेफ वेन यांनी १९७८ साली इंग्लंडमध्ये हा प्रयोग केला. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हा त्यांचा रॉक संगीताचा अल्बम. दोन तबकड्या, सुमारे दीड तास, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकच कथा.

कथा एच. जी. वेल्स यांची. १८९७ मध्ये ती मासिकातून क्रमशः आली, १८९८ मध्ये तिचं पुस्तक झालं. मंगळावरचे जीव इंग्लंडवर चालून येतात. तीन पायांची उंच यंत्रं, माणसं जाळणारा उष्णकिरण. तोफा निकामी होतात, लंडन ओस पडतं. अखेर त्या बलाढ्य शत्रूला मारतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू.

या अल्बममधली कामाची वाटणी मला, एक कवी म्हणून, फार मोलाची वाटते. कथा सांगणारा पत्रकार इथे दोन गळ्यांत वाटलेला आहे. घडलेलं सांगतात रिचर्ड बर्टन, नुसतं बोलून. मनातलं गातात जस्टिन हेवर्ड. आपला शाहीर पोवाडा गाता गाता थांबतो आणि प्रसंग गद्यात सांगतो, तशीच ही रीत. बर्टन आवाज फारसा चढवत नाहीत, म्हणूनच भीती आत उतरते. उष्णकिरणाचं काम इलेक्ट्रिक गिटार करते. बर्टन १९८४ मध्ये गेले. पण २००६ पासून ही कथा रंगमंचावर आली, तेव्हाही त्यांचा ध्वनिमुद्रित आवाजच ती सांगत होता.

वेन यांनी भरही घातली. पुस्तकातल्या भेदरलेल्या धर्मगुरूला इथे बेथ नावाची पत्नी मिळाली. माणसात अजून चांगुलपणा शिल्लक आहे, असं ती नवऱ्याला गाऊन पटवू पाहते.

एक गोष्ट मात्र सुरांत उतरली नाही. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला टास्मानियाची आठवण देतात. युरोपातून आलेल्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचा पन्नास वर्षांत संहार केला. मग मंगळवासी तसेच वागले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असं ते विचारतात. तो समाज नामशेष झाला, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात त्यांचे वंशज आजही आहेत. पण प्रश्न खोटा ठरत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव १८९७ मध्येच साजरा झाला. त्याच वर्षी एक इंग्रज लेखक आपल्या लोकांना, जिंकलं जाणं म्हणजे काय, ते दाखवत होता.

अल्बममध्ये टास्मानियाचा उल्लेख नाही. संगीताने कथेतली भीती उचलली, लाज पुस्तकातच राहिली. भीती सुरांना सांगता येते. आपल्याच माणसांना जाब विचारायला मात्र शब्द लागतात. म्हणून माझं सांगणं एवढंच, की हा अल्बम दिवे मालवून जरूर ऐका. मग दिवा लावा आणि ते पहिलं प्रकरण वाचा.